मॅडिसनचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या मुलाने राज्यघटनेच्या वाटेला कशाला जावे, असे मित्र विचारतात. पण अमेरिकेच्या जेम्स मॅडिसनचे चरित्र वाचताना मला प्रथम दिसला तो एक अपूर्णांक, तीन पंचमांश. आणि अपूर्णांक हा तर आमचाच प्रांत!

मॅडिसनचा जन्म १७५१ सालचा, व्हर्जिनियातला. घरची मोठी तंबाखूची शेती आणि ती कसणारे गुलाम. अंगकाठी लहानखुरी, आवाज बारीक, वाचनाचे वेड मात्र दांडगे.

१७८३ मध्ये तो तेरा राज्यांच्या काँग्रेसचा सभासद होता. युद्धाचे कर्ज डोक्यावर होते. प्रत्येक राज्याने किती वाटा उचलायचा ते लोकसंख्येवरून ठरवावे, असा विचार निघाला. मग गुलाम मोजायचे की नाही? मोजले तर दक्षिणेचा वाटा वाढणार. म्हणून दक्षिणेला ते कमी धरायला हवे होते, उत्तरेला जास्त. पाच गुलामांचे तीन धरावेत, ही तडजोड मॅडिसनने सुचविली. सर्व राज्यांची संमती न मिळाल्याने योजना बारगळली, पण आकडा राहिला.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला घटना तयार होऊ लागली. बळकट मध्यवर्ती सरकारच्या आराखड्यामागे मुख्यतः मॅडिसन होता; चर्चेची टिपणेही तोच रोज नेमाने घेई. सिनेटमध्ये लहानमोठ्या सर्व राज्यांना सारख्या जागा मिळाल्या, तिथे तो हरला. खरी फूट राज्यांच्या आकाराची नसून गुलामगिरीची आहे, हे त्याने सभेत सांगून टाकले होते. आता प्रश्न प्रतिनिधींचा होता आणि बाजू चक्क उलटल्या. दक्षिणेला गुलाम पुरते मोजून हवे होते! शेवटी तोच जुना आकडा कामी आला. गुलामाला मत नाही, पण त्याच्या जिवावर मालकाच्या राज्याला जादा जागा. देणे लिहिताना आखडायचे आणि येणे लिहिताना फुगवायचे, असे खाते मी लिहिले तर आमचे सर पानभर लाल रेघ ओढतील.

माणूस ही मालमत्ता, ही कल्पना घटनेत येऊ नये असे मॅडिसनचे मत होते. मूळ घटनेत गुलाम हा शब्दच नाही. गुलामांची आयात आणखी वीस वर्षे चालू ठेवण्यालाही त्याने विरोध केला. पुढे वर्तमानपत्रांतून तीन पंचमांशाचे समर्थन केले तेही त्यानेच.

आणि घरचा हिशेब? १७८३ मध्येच त्याने आपला गुलाम बिली याला फिलाडेल्फियात मागे ठेवले. ज्या स्वातंत्र्यासाठी आपण लढलो तेच हवेसे वाटले म्हणून बिलीला शिक्षा कशी द्यावी, असे वडिलांना कळविले. पण मुक्त केले नाही; सात वर्षांच्या मुदतीने विकले.

१८०९ ते १८१७ तो राष्ट्राध्यक्ष होता. १८३६ मध्ये वारला, तेव्हा मृत्युपत्राने एकही गुलाम सुटला नाही. अखेरपर्यंत त्याची सेवा करणाऱ्या पॉल जेनिंग्जला १८४७ मध्ये सिनेटर वेबस्टरने १२० डॉलर भरून सोडविले. ती रक्कम जेनिंग्जने वेबस्टरच्या घरी राबून फेडायची होती, महिना ८ डॉलरप्रमाणे.