सिमल्यातला गणिती आणि सिंदफणेचे पाणी

शिरूर कासारच्या शाळकरी मुलाला समुद्र आणि ध्रुवावरचे बर्फ शिकवायचे तरी कसे? समुद्र बहुधा त्याने पाहिलेला नसतो, आणि बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण पावसाने दगा दिला की सिंदफणा आटते आणि दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरांतले आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. बँकेत पीककर्जाच्या फायली चाळताना मलाही एवढेच कळे की, पाऊस आला तर हप्ता येतो. हा पाऊस दूरच्या पाण्याशी बांधलेला आहे, हे उमगले ते गिल्बर्ट वॉकर यांच्याविषयी वाचताना.

वॉकर यांचा जन्म १८६८ साली इंग्लंडातल्या रॉचडेल येथे झाला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८८९ साली ते पहिले आले. बूमरँगचे त्यांना एवढे वेड, की तेच त्यांचे टोपणनाव झाले. हवामानशास्त्राशी मात्र संबंध नव्हता. तरीही १९०४ साली ते हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून सिमल्यात बसले.

त्याआधी काय घडले होते? १८९९ साली खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि पाऊस पार रुसला. राजस्थान, गुजरातेपासून निजामाच्या राज्यातल्या बीडपर्यंत दुष्काळाने माणसे आणि गुरे मेली. अंदाज चुकण्याची किंमत गरिबाने मोजली होती.

वॉकर यांनी कल्पना बाजूला ठेवल्या आणि आकडे मागवले. हिमालयातल्या बर्फाचा मान्सूनशी संबंध ब्लॅनफर्ड यांनी १८८४ सालीच मांडला होता. वॉकर यांनी त्याला मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस यांची जोड दिली. संगणक नव्हता, कचेरीतले हिंदी कारकून हाताने गणिते करीत. त्यातून १९२३-२४ च्या सुमारास एक मोठी गोष्ट हाती लागली. पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो. त्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. अधूनमधून बासरी वाजवणारा हा माणूस गुणग्राहकही होता. १९१३ साली मद्रासमध्ये रामानुजन यांची गणिते पाहून त्यांना विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून त्यांनी शब्द टाकला.

१९२४ साली वॉकर निवृत्त होऊन लंडनला प्राध्यापक झाले. पाऊस खात्रीने सांगता यावा, हे त्यांचे मूळ काम मात्र अपुरेच राहिले. पारडी का हलतात, हेही त्यांना सांगता आले नाही. १९५८ साली ते वारले. १९६९ साली ब्यर्कनेस यांनी त्या पारड्यांचा पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाशी संबंध जोडला आणि त्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकर यांचे नाव दिले. ते पाणी तापते तो एल निनो. १८७७, १८९९, १९७२, २०१५ ही दुष्काळाची वर्षे एल निनोचीही होती. प्रत्येक एल निनो दुष्काळ आणतोच असे नाही. पण धोका वाढवतो.

आता त्या तराजूखालची जमीनच हलते आहे. माणसाने वाढवलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. अरबी समुद्रही तापला आहे. पत्र्याला चुना फासला की घर कमी तापते, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. ध्रुवावरचे पांढरे बर्फ हा पृथ्वीचा चुनाच. तो वितळला की खालचे काळे पाणी ऊन शोषते. तरंगत्या बर्फाने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही, जमिनीवरच्या बर्फाने वाढते, हे पाण्याचे दोन पेले घेऊन वर्गात दाखवता येते.

गुरुजींनी हे सारे शिकवताना वॉकर यांचे अपयशही सांगावे. त्यांनी शोधलेले काही संबंध पुढे सैल पडले. तापत्या समुद्रात जुने ठोकताळे पुन्हा पुन्हा तपासावे लागणार आहेत. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवावा, रोजचा पाऊस मुलांनी वहीत लिहावा, आणि त्याच पानावर पॅसिफिकच्या पाण्याचे तापमानही नोंदवावे. आईबाप फडावर जाणार की गावात राहणार, हे ठरवणारे बरेच काही त्या पानावर असेल.