साडेचारशे रुपये आणि लंडनची मुदत

कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. ऑफिसमधून विचारणा झालीय, अजून सहा महिने थांबणार का? पगार बरा आहे, काम जमतंय, घरी दर महिन्याला पैसे जातात. पण हे आपलं खरं काम नव्हे, हेही आतून माहीत असतं. हो म्हणावं तर वर्ष हातातून जातं. नाही म्हणावं तर पुढच्या महिन्याचं भाडं कोण भरणार? तुमच्यापैकी कितीतरी जण आज नेमके इथेच अडकले असतील. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर लवकरच अडकाल.

मार्च १९२० मध्ये मुंबईतला एक २८ वर्षांचा प्राध्यापक याच प्रश्नापाशी उभा होता. त्याने राजीनामा दिला. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संविधान येतं, चवदार तळं येतं, दीक्षाभूमी येते. मात्र त्याआधी एक तरुण होता, ज्याच्याकडे डिग्र्या होत्या आणि नोकरी नव्हती. आज त्या तरुणाबद्दल बोलू.

अर्धवट सुटलेलं लंडन

गोष्ट १९१७ पासून सुरू करावी लागेल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे एमए केलं, प्रबंध लिहिला आणि १९१६ मध्ये लंडन गाठलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, अशी दोन्हीकडे नावं घातली. अभ्यास कुठे रंगात येतोय तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत यावं लागलं.

निघताना त्यांनी एक गोष्ट मात्र केली. लंडन विद्यापीठाकडून परवानगी घेतली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. ही चार वर्षं लक्षात ठेवा. पुढचं सगळं या मुदतीभोवती फिरतं.

परतीच्या प्रवासात सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि पुस्तकं गेली. हातात उरली ती फक्त चार वर्षांची मुदत.

चांगली वाटणारी नोकरी

शिष्यवृत्तीच्या करारानुसार दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची होती. म्हणजे आजच्या भाषेत बॉण्ड. कागदावर पाहिलं तर यापेक्षा चांगलं काय हवं? संस्थानाची नोकरी, पद महाराजांच्या लष्करी सचिवाचं, पुढची दहा वर्षं निश्चिंत.

प्रत्यक्षात काय झालं? ऑफिसातले शिपाई फाइली हातात न देता लांबून टाकायचे. प्यायला पाणी मिळायचं नाही. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. एकाही मित्राच्या घरी आसरा मिळाला नाही. शेवटी कामाठी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत थांबावं लागलं.

कोलंबियात शिकून आलेला माणूस बागेत बसून गाडीची वाट पाहतोय. आपण नोकरी तोलताना पगार, पद आणि किती वर्षांची खात्री हे पाहतो. बडोद्याच्या नोकरीत तिन्ही होतं. ती काही दिवसांतच सुटली.

जमेल ते काम

मुंबईत आल्यावर घर चालवायचं होतं. रमाबाई होत्या, मुलगा यशवंत होता. भीमरावांनी दोन पारशी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेतल्या. शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी छोटी फर्म काढली. सुरुवातीला गिऱ्हाइकं आली, पण सल्ला देणाऱ्याची जात कळल्यावर यायची बंद झाली. फर्मही बंद पडली.

याच दिवसांत त्यांनी अर्थशास्त्रावरचं लिखाण थांबवलं नाही. १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावरचं परीक्षणही त्याच वर्षीचं. पोटाचं काम एकीकडे चालू आणि स्वतःचं काम दुसरीकडे चालू.

मग सिडनहॅम कॉलेजमध्ये राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी भीमरावांची लंडनमध्ये ओळख झाली होती. त्यांच्या शिफारशीची मदत झाली आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये नेमणूक मिळाली. नेमणूक तात्पुरती, पगार महिना ४५० रुपये.

वर्गात एक, खोलीत दुसरं

सुरुवातीला पोरांनी या नव्या सरांना फारसं मनावर घेतलं नाही. पण सर तयारी करून यायचे आणि विषय मुळापासून समजावून सांगायचे. हळूहळू वर्ग भरू लागला. दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही परवानगी काढून त्यांची लेक्चर्स ऐकायला बसायचे, इथपर्यंत त्यांचं नाव झालं. नोकरी तात्पुरती होती म्हणून शिकवणं तात्पुरतं नव्हतं.

वर्गाबाहेर मात्र तेच जुनं. प्राध्यापकांच्या खोलीत सगळ्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

आता घराकडे बघा. ४५० रुपये त्या काळात चांगला पगार होता. दुसरा कुणी असता तर मोठी जागा बघितली असती. आंबेडकर कुटुंब राहिलं परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत. पगारातली ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हातात यायची आणि त्यातच त्या सगळं भागवायच्या. उरलेले पैसे लंडनसाठी. या नोकरीचं काम त्यांनी पहिल्यापासूनच ठरवलं होतं. ती करिअर म्हणून घेतलेलीच नव्हती. मुदत संपायच्या आत लंडनला परत जायचं आणि त्यासाठी पैसे साठवायचे, एवढ्यासाठी ती होती.

नोकरीची एक अडचणही होती. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. त्याला छत्रपती शाहू महाराजांनी आर्थिक मदत केली. पण भीमराव सरकारी कॉलेजात नोकरीला, त्यामुळे संपादक म्हणून स्वतःचं नाव देता आलं नाही. ते पांडुरंग भटकर यांचं लागलं. स्वतःच्या पेपरवर स्वतःचं नाव नाही. पगार देणारी नोकरी बदल्यात काय काय मागते, त्याचा हा एक नमुना.

राजीनामा

मार्च १९२० उजाडला तेव्हा चारपैकी जवळजवळ अडीच वर्षं संपली होती. त्यांना कुणी काढलेलं नव्हतं. वर्ग भरत होते, पगार वेळेवर येत होता. अजून एक वर्ष केलं असतं तर गाठीला आणखी पैसे आले असते, आणि हा विचार चुकीचाही नव्हता. पण वर्षभराने लंडनला पोचून मुदतीत अभ्यास पूर्ण करणं जवळपास अशक्य झालं असतं. पैसे नंतरही मिळवता आले असते. मुदत गेली की गेली.

त्यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली. तिथे शाहू महाराजांनी हाच तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. मेअखेर नागपूरची परिषद झाली. जुलैमध्ये ते बोटीवर चढले.

साठवलेले पैसे पुरणारे होते का? नव्हते. शाहू महाराजांची मदत झाली आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. म्हणजे ही उडी आंधळी नव्हती, पण एकट्याचीही नव्हती. आणि तिची सगळ्यात मोठी किंमत चाळीतल्या त्या दोन खोल्यांत मोजली गेली. नवरा परदेशी, पगार बंद, घर रमाबाईंवर. त्यांच्या पाचपैकी चार मुलं लहानपणीच गेली. 'रिस्क घ्या' म्हणणाऱ्या भाषणांत ही बाजू येत नाही. आपण रिस्क घेतो तेव्हा घरातलं कुणीतरी तिचा हप्ता भरत असतं.

मुदतीच्या आत

लंडनमध्ये हातात पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी. सकाळी ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडायच्या वेळी दारात हजर, आणि बंद होईपर्यंत आत. जेवण कसंबसं. जून १९२१ मध्ये एमएस्सी पूर्ण झालं, चार वर्षांच्या मुदतीच्या आत. पुढे बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध सादर केला. ब्रिटिश धोरणावरची त्यातली टीका परीक्षकांना झोंबली आणि तो सुधारून द्यायला सांगितला गेला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथून सुधारलेला प्रबंध पाठवला आणि वर्ष संपायच्या आत डीएस्सी मिळाली.

इथे सिनेमा संपवता येईल. आयुष्य तसं संपत नाही. जगातल्या इतक्या मोठ्या डिग्र्या घेऊन आलेल्या माणसाने हायकोर्टात वकिली सुरू केली, तर ती लगेच काही चालली नाही. जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या क्लासमध्ये व्यापारी कायदा शिकवला. पार्ट टाइम. ज्या माणसाने सिडनहॅमची प्राध्यापकी सोडली, तो पाच वर्षांनी क्लासमध्ये अर्धवेळ शिकवत होता.

मग राजीनामा चुकला का? याच काळात बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, महाडचा सत्याग्रह झाला. रुपयाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे १९२५ मध्ये त्यांनी साक्ष दिली ती लंडनच्या अभ्यासाच्या जोरावर. आणि १९३५ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. क्लासमधली नोकरी तात्पुरतीच होती, पण आता ती अडवणारी नव्हती. तिच्यामुळे घर चालत होतं आणि खरं काम मोकळं राहत होतं.

मी स्वतः या पानावर इंटर्न आहे, तेव्हा 'थांबू की निघू' याचं उत्तर माझ्याकडे तयार असेल असं समजू नका. पण बाबासाहेबांची ही वर्षं वाचताना एक गोष्ट स्पष्ट दिसली. त्यांनी एकच तात्पुरती नोकरी सोडली आणि पुढे दुसरी धरलीही. दोन्ही वेळा नोकरी चांगली की वाईट, एवढ्यावर निर्णय झाला नाही. ही नोकरी कशासाठी घेतलीय, ते काम होतंय का, आणि आपली दुसरीकडची मुदत कधी संपतेय, यावर झाला.

तुमचीही अशी एखादी मुदत असेल. परीक्षेची वयोमर्यादा, परदेशी विद्यापीठाने पुढे ढकलून दिलेला प्रवेश, अर्धवट राहिलेली पीएचडी. ऑफिसला उत्तर पाठवण्याआधी ती तारीख कागदावर लिहा. शेजारी गाठीला असलेले पैसे लिहा, आणि कमी पडले तर ज्याच्याकडे हात पसरता येईल त्या मित्राचं नाव लिहा. आणि तुमच्या निर्णयाचा भार घरात कोण उचलणार आहे, त्या माणसाशी आज रात्री जेवताना बोला. मग काय ते उत्तर पाठवा.