नट व्हायचं राहून गेलेला लेखक : चार्ल्स डिकन्स



चार्ल्स डिकन्स म्हटलं की आपल्याला दाढीवाला एक गंभीर चेहरा आणि जाडजूड कादंबऱ्या आठवतात. मुलांना त्याची ओळख करून देतानाही आपण ठरलेलंच सांगतो. लहानपणी गरिबी, कारखान्यात मजुरी, मग लेखक झाला, ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लिहिली, गरिबांचं दुःख जगापुढे मांडलं. हे सगळं खरं आहे. पण यात एक मोठी गोष्ट राहून जाते. या माणसाला मुळात नट व्हायचं होतं. ते जमलं नाही, आणि ही हौस त्याला शेवटपर्यंत स्वस्थ बसू देईना. या हौसेने त्याला खूप दिलं, आणि त्याच्याकडून घेतलंही खूप.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ चा, इंग्लंडमधल्या पोर्टस्मथचा. वडील जॉन डिकन्स नौदलाच्या पगार कचेरीत कारकून. माणूस दिलदार, गप्पिष्ट, पण हात सढळ आणि खिसा रिकामा. चार्ल्स पाच वर्षांचा असताना कुटुंब चॅटम या बंदराच्या गावी आलं. तिथे वडील त्याला आणि थोरली बहीण फॅनी हिला ओळखीच्या खानावळीत नेत, टेबलावर उभं करत आणि विनोदी गाणी म्हणायला लावत. पाहुणे खूश, वडील त्याहून खूश. पाहुणे आले की ‘बाळा, ते गाणं म्हणून दाखव बरं’ म्हणणारे पालक आपल्याकडेही कमी नाहीत, त्यामुळे हे दृश्य आपल्याला परकं वाटू नये.

शेजारच्याच रोचेस्टर गावात छोटं नाट्यगृह होतं. जेम्स लॅमर्ट नावाचा नात्यातला एक तरुण चार्ल्सला तिथे घेऊन जाई. ‘रिचर्ड तिसरा’ आणि ‘मॅकबेथ’ त्याने तिथे पाहिली. मंडळी लहान असल्यामुळे एकेक नट दोन-तीन भूमिका करायचा. खून झालेला राजा डंकन थोड्या वेळाने दुसऱ्याच नावाने रंगमंचावर हजर! पोराच्या नजरेतून हे सुटलं नाही, आणि ही गंमत त्याने मोठेपणी एका लेखात सांगितली. याच वयात त्याने स्वतः एक शोकांतिकाही लिहून काढली. तिचा नायक मिस्नार, हिंदुस्थानचा सुलतान! हिंदुस्थान त्याने फक्त गोष्टीच्या पुस्तकात वाचला होता.

पुढे कुटुंब लंडनला आलं आणि दिवस फिरले. घरात कर्ज, पोराची शाळा बंद. लॅमर्टने त्याला एक खेळण्यातलं नाट्यगृह रंगवून दिलं होतं, तेवढाच विरंगुळा. आणि याच लॅमर्टने १८२४ मध्ये त्याला कामही मिळवून दिलं, बूटपॉलिशच्या कारखान्यात. बारा वर्षांचा मुलगा आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर पॉलिशच्या बाटल्यांना कागद बांधायचा आणि लेबलं चिकटवायचा. थोड्याच दिवसांत वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात गेले. फॅनी मात्र संगीताच्या रॉयल अकादमीत शिकत होती. तिला बक्षीस मिळालं त्या समारंभात चार्ल्स प्रेक्षकांत बसला होता. बहिणीचा त्याला हेवा वाटला नाही, पण आपण कुठे आणि ती कुठे, या विचाराने त्याला रडू आवरेना.

यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारखाना पुढे कॉव्हेंट गार्डनजवळच्या चँडॉस स्ट्रीटवर हलला. तिथे उजेडासाठी मुलांना खिडकीत बसवत. ही पोरं इतक्या चपळाईने बाटल्या बांधायची की रस्त्यावरचे लोक थांबून बघत राहायचे. म्हणजे खानावळीतल्या टेबलानंतर या मुलाला पुन्हा प्रेक्षक मिळाले ते असे, लाजेने मान खाली घालायला लावणारे. हे दिवस त्याने जवळपास जन्मभर लपवून ठेवले. जगाला ते कळले ते त्याच्या मृत्यूनंतर, मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून.

वडील सुटले, चार्ल्स पुन्हा शाळेत गेला आणि लगेच मित्रांना जमवून खेळण्यातल्या रंगमंचावर नाटकं बसवू लागला. पंधराव्या वर्षी वकिलाच्या कचेरीत कारकून झाला, मग लघुलेखन शिकून वार्ताहर. या काळात जवळजवळ रोज संध्याकाळी तो नाटकाला असे. त्याचा आवडता नट होता चार्ल्स मॅथ्यूज. हा एकटाच रंगमंचावर यायचा आणि आवाज, चेहरा, चाल बदलत पाच-सहा माणसं उभी करायचा. आपण ज्याला एकपात्री म्हणतो तोच प्रकार. डिकन्सने त्याची कामं पाठ केली. घरी रोज चार-चार, सहा-सहा तास सराव करायचा. नुसतं खोलीत येणं, खुर्चीवर बसणं, उठून जाणं, याचासुद्धा!

१८३२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाला पत्र लिहून संधी मागितली. उत्तर आलं, चाचणीची तारीख ठरली. परीक्षक म्हणून प्रख्यात नट चार्ल्स केंबल हजर राहणार होता. फॅनी पियानोची साथ करणार होती. आणि नेमकं त्या दिवशी डिकन्सला जबरदस्त सर्दी झाली, चेहरा सुजला, आवाज बसला. पुढच्या हंगामात येतो असं त्याने कळवलं. पण मधल्या काळात वार्ताहर म्हणून त्याचं नाव झालं, लेखन सुरू झालं, आणि तो पुढचा हंगाम कधी आलाच नाही.

त्या सर्दीमुळे जगाला ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ मिळाली, असं गमतीने म्हणता येईल. पण मला तसं सरळ वाटत नाही. कारण नट काही गेला नाही, तो लिहिण्याच्या टेबलाशी येऊन बसला. त्याची मुलगी मेमी आजारी असताना एकदा त्याच्या खोलीत कोचावर पडून होती. तिने जे पाहिलं ते पुढे लिहून ठेवलं आहे. वडील लिहिता लिहिता ताडकन उठले, आरशापुढे गेले, तोंडं वेडीवाकडी केली, परत येऊन भराभर लिहिलं, पुन्हा आरसा, मग हळू आवाजात कुणाशी तरी बोलणं. मुलगी खोलीत आहे हे ते विसरूनच गेले होते. डिकन्सची पात्रं वाचताना ऐकू येतात, त्याचं कारण इथे आहे. वर्गात त्याचा उतारा घेतलात तर मनातल्या मनात वाचायला देऊ नका, मुलांना आवाज बदलून वाचू द्या.

१८३६ मध्ये ‘पिकविक पेपर्स’ गाजत असतानाच त्याची ‘द स्ट्रेंज जंटलमन’ आणि ‘द व्हिलेज कोकेट्स’ ही नाटकं सेंट जेम्स थिएटरमध्ये लागली. नाटककार म्हणून तो बेताचाच होता, हे मान्य करायला हवं. त्याच्या कादंबऱ्यांवरून मात्र दुसरेच लोक न विचारता नाटकं करत, कारण कायद्याने त्याला अडवता येत नसे. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चा असाच एक प्रयोग त्याला इतका असह्य झाला की तो बॉक्समध्ये जमिनीवर आडवा झाला आणि पडदा पडेपर्यंत उठला नाही. नाटक कंपन्यांचं जग त्याला आतून माहीत होतं. ‘निकोलस निकल्बी’मधली क्रमल्स मंडळी वाचा, थट्टा भरपूर आहे, पण तुच्छता नाही. ही कादंबरी त्याने मॅक्रेडी या नटमित्राला अर्पण केली.

मग सुरू झाली हौशी नाटकं. सप्टेंबर १८४५ मध्ये लेखक-चित्रकार मित्रांना घेऊन त्याने बेन जॉन्सनचं ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ केलं. स्वतः बढाईखोर कॅप्टन बोबाडिल झाला. दिग्दर्शन त्याचं, तालमींचे नियम त्याचे, सुतारकाम, कपडे, जाहिराती, सगळ्यावर नजर त्याचीच. स्नेहसंमेलनात एकच शिक्षक सगळीकडे धावत असतो ना, तसं! पुढची नाटकं बहुतेक मदतनिधीसाठी होती. कधी अडचणीतल्या लेखकासाठी, कधी शेक्सपिअरच्या घराच्या देखभालीसाठी. १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियासमोर प्रयोग झाला. ‘मिस्टर नाइटिंगेल्स डायरी’ या फार्समध्ये त्याने सहा सोंगं केली. मॅथ्यूज शेवटी असा बाहेर आला.

लंडनच्या राहत्या घरात, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीतच त्याने रंगमंच उभारला होता. तिथे ६ जानेवारी १८५७ ला विल्की कॉलिन्सचं ‘द फ्रोझन डीप’ झालं. त्यात डिकन्स रिचर्ड वॉर्डर होता. प्रेमात हरलेला माणूस, बर्फाच्या प्रदेशात प्रतिस्पर्ध्याचा जीव घ्यायला निघतो आणि अखेर त्यालाच वाचवून स्वतः मरतो. पाहणारे हुंदके देत. ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधल्या सिडनी कार्टनची कल्पना त्याला या भूमिकेतूनच सुचली.

याच वर्षी त्याचं आयुष्य उलटंपालटं झालं. डग्लस जेरॉल्ड हा मित्र वारला, त्याच्या कुटुंबासाठी प्रयोग सुरू झाले. त्या धांदलीतच जुलै महिन्यात डिकन्सचा मुलगा वॉल्टर कंपनी सरकारच्या फौजेत हिंदुस्थानला निघाला. सोळा वर्षांचा पोरगा. इकडे बंड पेटलेलं. तो परत आला नाही, १८६३ च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्याला वारला. ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रयोग ठरले. तिथे घरच्या मुलींचे आवाज पोचणार नाहीत म्हणून व्यावसायिक नट्या घेतल्या, मिसेस टर्नन आणि त्यांच्या मुली. त्यातली एलन अठरा वर्षांची, डिकन्स पंचेचाळीसचा. तो तिच्यात गुंतला. पुढच्या वर्षी त्याने पत्नी कॅथरिनला, आपल्या दहा मुलांच्या आईला, वेगळं केलं आणि वर स्वतःची बाजू मांडणारं निवेदन वर्तमानपत्रात छापलं. फक्त थोरला मुलगा चार्ली आईबरोबर राहायला गेला. कुटुंबाच्या मायेवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाने हे करावं, याचं समर्थन मला करता येत नाही. मुलांना सांगताना वयाप्रमाणे सांगावं, पण मोठ्या मुलांपासून लपवूही नये.

त्याच १८५८ च्या एप्रिलपासून डिकन्स पैसे घेऊन स्वतःच्या पुस्तकांची जाहीर वाचनं करू लागला. आधी १८५३ मध्ये बर्मिंगहॅमला मदतीसाठी ‘अ ख्रिसमस कॅरल’ वाचून त्याने अंदाज घेतला होता. तिथे एक वाचन त्याने मुद्दाम कमी दरात, कामगारांसाठी ठेवलं होतं. पैसे घेऊन रंगमंचावर उभं राहणं सभ्य लेखकाला शोभत नाही, असं फॉर्स्टरचं मत. डिकन्सने ऐकलं नाही. एक छोटं टेबल, वर गॅसचे दिवे, हातात कागद कापायची सुरी. ना वेशभूषा, ना नेपथ्य. पुस्तकाची पानं मोठ्या कागदांवर चिकटवून बाजूला आवाज आणि हावभावाच्या खुणा केलेल्या असायच्या, पण खरं तर सगळं पाठच. स्क्रूज, बॉब क्रॅचिट, टायनी टिम असा एकेक माणूस समोर उभा राहायचा. लोक हसायचे, रडायचे, आणि तो ते बघायचा. चँडॉस स्ट्रीटच्या खिडकीतला मुलगा मला इथे पुन्हा दिसतो. पण आता लोक तिकीट काढून येत होते आणि मान वर होती.

१८६७-६८ च्या हिवाळ्यात तो अमेरिकेत गेला. तिकिटांसाठी लोक रात्रभर थंडीत रांगा लावत. सुमारे १९ हजार पौंड मिळाले, तब्येत मात्र ढासळली. सर्दी हटेना, डावा पाय सुजून बुटात जाईना, घन अन्न पोटात ठरेना. परत आल्यावर थांबायचं, तर त्याने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचायला काढला. चार्लीची आठवण आहे. बागेपलीकडून मारहाणीचा आणि किंकाळ्यांचा आवाज आला, कुणी भटक्या बायकोला मारतोय असं वाटून तो धावला, तर वडील एकटेच तालीम करत होते! त्यांनी तो प्रसंग त्याला करून दाखवला. इतकं जबरदस्त काही मी ऐकलं नाही, पण हे करू नका, असं मुलाने सांगितलं. त्यांनी केलंच. एरवी ७२ असणारी नाडी या वाचनानंतर ११० च्या वर जायची. आत नेऊन कोचावर टाकलं की कितीतरी मिनिटं तोंडातून शब्द फुटत नसे. एप्रिल १८६९ मध्ये प्रेस्टनला डॉक्टर बिअर्ड यांनी दौरा बंदच करायला लावला.

तरी निरोपाची बारा वाचनं त्याने मागून घेतली. डॉक्टरांनी मंचाला पायऱ्या लावून घेतल्या आणि चार्लीला पुढच्या रांगेत बसवलं, वडील डगमगले तर धावून जायचं म्हणून. पिकविक, आपल्याच पात्राचं नाव, त्याला नीट उच्चारता येईना. १५ मार्च १८७० ला शेवटचं वाचन झालं. चार शब्द बोलून, हाताचं चुंबन लोकांकडे फेकून तो आत गेला.

त्याच सुमारास एका मित्राला त्याने मनातली इच्छा सांगितली होती. एखाद्या मोठ्या नाट्यगृहाच्या जवळ राहावं आणि तिथलं सगळं आपल्या हातात असावं. २ जूनला लंडनमध्ये एका ओळखीच्या घरी नाटक होतं, त्यात त्याच्या मुली काम करत होत्या. पायाच्या दुखण्यामुळे त्याला भूमिका करता आली नाही, म्हणून पडद्यामागची कामं त्याने अंगावर घेतली. प्रयोग संपल्यावर तो दिसेना. जावयाने शोधलं तर रंगमंचामागे एका कोपऱ्यात बसला होता, तंद्रीत. आपण घरी आहोत असं त्याला वाटत होतं.

आठवड्याने, ९ जून १८७० ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला. ‘एडविन ड्रूड’ टेबलावर अर्धीच राहिली होती.