गिटार न वाजवणारा लिओ

जुना ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचा म्हणून शोधाशोध करतोय, तर जिथेतिथे लिओ फेंडर भेटतो. कॅलिफोर्नियात १९०९ मध्ये जन्मलेला हा माणूस मूळचा हिशेबनीस. लहानपणीच एक डोळा गेलेला. मंदीत नोकरी गेली, मग १९३८ मध्ये फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार त्याला कधीच वाजवता आली नाही. वादकांचे बिघडलेले अ‍ॅम्प मात्र त्याच्याकडे यायचे. म्हणूनच असेल, त्याचे अ‍ॅम्प दुरुस्तीला सोपे: मागची फळी काढली की व्हॉल्व्ह हाताशी, कुठला कुठे बसतो तो कागदही आतच चिकटवलेला. जुने कपॅसिटर काढा, नवे सोल्डर करा.

आजारपणामुळे १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. त्याआधीच्या अ‍ॅम्पना आज सोन्याचा भाव. मला तो अतीच वाटतो. नंतरच्या रुपेरी पट्टीवाल्यांतही लिओची बांधणी बरीच टिकून आहे. मी आधी ट्रान्सफॉर्मर बघणार. अमेरिकेतला अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर संपलाच.

लिओ १९९१ मध्ये गेला. पार्किन्सन्स जडला होता, तरी शेवटपर्यंत कारखान्यात जाऊन नव्या गिटारींवर काम करत होता.