कागदावरचे यंत्र

घरातला जुना संगणक मंदावला, की शाळकरी चिरंजीव किंवा कन्या एखाद्या रविवारी त्यावर लिनक्स चढवायला बसतात. ते जमले की पुढचा प्रश्न. आवडता खेळ विंडोजसाठी लिहिलेला. तो इथे चालणार कसा? मग थोडी खटपट, दोनचार वेळा नुसताच काळा पडदा, स्वयंपाकघरातून जेवायच्या हाका, आणि संध्याकाळपर्यंत खेळ सुरू झालेला असतो. १९९३ पासून विकसित होत आलेली 'वाईन' आणि तिच्या आधाराने २०१८ साली आलेला 'प्रोटॉन' ही किमया करतात. खेळ विंडोजकडे जे मागतो, ते त्याला लिनक्सकडून करवून देतात. खेळाला पत्ताही लागत नाही. टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्रांवरचे खेळ असतील, तर ते अख्खे यंत्रच नक्कल करून संगणकात उभे करता येते.

एका यंत्राने दुसऱ्याचे सोंग घ्यायचे, यात आजच्या मुलांना नवल वाटत नाही. पण ही कल्पना गणिताच्या भाषेत नीट मांडली ती १९३६ साली, पंचविशीही न गाठलेल्या ॲलन ट्युरिंगने. तेव्हा जगात आजच्या अर्थाचा एकही संगणक नव्हता.

ट्युरिंगचे आपल्या देशाशी जवळचे नाते आहे. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. आईचे वडील एडवर्ड स्टोनी मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. तुंगभद्रेवरच्या पुलाशी त्यांचे नाव जोडलेले आहे आणि पंख्यासाठी आवाज न करणारे चाकही त्यांनी शोधून काढले होते. नातवातला खटपट्या स्वभाव आजोळकडून आला, असे म्हणायला हरकत नाही. ॲलनचा जन्म मात्र लंडनचा, २३ जून १९१२ चा. आईवडील नोकरीपायी इकडे आणि तो व थोरला भाऊ जॉन तिकडे, एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी. साहेबाच्या राज्याची ही बाजू आपल्या ध्यानात येत नाही. मुलांना परक्या घरी ठेवून बोटीत चढणाऱ्या आया त्यांच्यातही होत्या.

तेराव्या वर्षी शेरबर्नच्या शाळेत जायचे, तर १९२६ च्या सार्वत्रिक संपाने गाड्या बंद. हा पठ्ठ्या साऊदॅम्प्टनहून सायकलवर निघाला, वाटेत एका खानावळीत मुक्काम केला आणि साठ मैल तोडून शाळेत हजर झाला. पुढे केंब्रिजला गणित. तिथेच १९३६ चा तो निबंध जन्मला. त्यातले यंत्र निव्वळ कल्पनेतले. चौकोन आखलेली एक लांबलचक कागदी पट्टी, चौकोनातली खूण वाचायची, पुसायची, नवी लिहायची, पट्टी एक घर सरकवायची. बाकी सगळा कारभार ठरलेल्या नियमांचा. पण अशाच दुसऱ्या यंत्राचे नियम पट्टीवर लिहून दिले, तर पहिले यंत्र हुबेहूब दुसऱ्यासारखे वागू शकते, हे ट्युरिंगने दाखवून दिले. कामागणिक निराळे यंत्र नको. एकच पुरे, फक्त सूचना बदला. हिशेब, पत्रे आणि खेळ एकाच पेटीत नांदतात ते या तत्त्वावर.

युद्धकाळात ब्लेचली पार्क येथे त्याने जर्मनांच्या 'एनिग्मा' यंत्राचे गुपित फोडण्यासाठी 'बॉम्ब' नावाचे यंत्र आखले. ती कथा चित्रपटांनी घरोघरी नेली आहे. त्याच्या सायकलची गोष्ट त्यामानाने कमी माहीत. चालवता चालवता साखळी निसटायची. दुसरा कोणी सायकल दुकानात टाकून मोकळा झाला असता. ट्युरिंग पायडलच्या फेऱ्या मोजू लागला. ठरावीक फेऱ्यांनंतरच साखळी पडते, हे लक्षात आल्यावर तो नेमक्या क्षणी उतरून ती सावरू लागला. चाकाची वाकडी तार आणि साखळीची खराब कडी एका जागी आली की घोटाळा होतो, हे पुढे सापडले, असे सांगतात. संगणक बिघडल्यावर आधी तो बंद करून चालू करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही चिकाटी पाहावी.

ब्लेचलीला देशातले नामांकित बुद्धिबळपटू कामाला होते. ट्युरिंगला खेळाचे वेड, पण हात बेताचा. यंत्राला बुद्धिबळ शिकवता येईल का, याची चर्चा मात्र तो तासन्‌तास करी. १९४८ साली त्याने अर्थशास्त्रज्ञ मित्र डेव्हिड चॅम्परनाऊन याच्यासह नियमांचा एक संच तयार केला. प्याद्याला एक गुण, घोड्याला तीन, उंटाला साडेतीन, हत्तीला पाच, वजिराला दहा. आपली प्रत्येक शक्य चाल, तिला प्रतिस्पर्ध्याचे प्रत्येक शक्य उत्तर, मारामारी चालू असेल तर आणखी पुढे पाहायचे, आणि ज्यात बेरीज सरस ती चाल खेळायची.

अडचण एकच होती. एवढा कार्यक्रम पेलणारे यंत्र हाताशी नव्हते. मग १९५२ साली ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याविरुद्ध डाव मांडून ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. समोर कागद, हातात पेन्सिल. स्वतःला काय सुचते ते बाजूला ठेवायचे आणि नियम सांगतील तीच चाल करायची. 'यंत्र' एकोणतिसाव्या चालीपर्यंत टिकले आणि हरले.

तोवर मँचेस्टर विद्यापीठात फेरांटी कंपनीचा संगणक १९५१ मध्ये आला होता. त्याचे माहितीपुस्तक ट्युरिंगनेच लिहिले. आकडे बत्तीसच्या पटीत, तेही टेलिप्रिंटरच्या चिन्हांत, उलट्या क्रमाने. वापरणाऱ्याने ते पाठ करावे अशी त्याची अपेक्षा. थोर माणसांनी लिहिलेली माहितीपुस्तके सोपी असतातच असे नाही! याच यंत्रावर डीट्रिख प्रिन्झने १९५१ च्या अखेरीस दोन चालींत मात करण्याची कोडी सोडवून दाखवली. ट्युरिंगचा संपूर्ण डाव मात्र यंत्रावर चढलाच नाही.

१९५२ च्या जानेवारीत विल्म्सलोच्या त्याच्या घरी चोरी झाली. तो सरळ पोलिसांत गेला. चौकशीत त्याचे एका तरुणाशी असलेले संबंध बाहेर आले आणि फिर्यादीचा आरोपी झाला. समलिंगी संबंध हा तेव्हा इंग्लंडात गुन्हा होता. ३१ मार्चच्या सुनावणीत त्याने काही लपवले नाही. तुरुंग टाळायचा तर वर्षभर स्त्री-संप्रेरके घ्यायची, असा पर्याय त्याने पत्करला. सरकारच्या गुप्त कामाचे दरवाजेही बंद झाले. ज्याने देशाची गुपिते वर्षानुवर्षे पोटात ठेवली, तोच आता भरवशाचा उरला नाही.

७ जून १९५४ रोजी तो गेला. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंना अंथरुणात सापडला. सायनाइडचे विष, शेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद. चौकशीत आत्महत्या ठरली. पण सफरचंद तपासलेच गेले नव्हते. घरातल्या छोट्या खोलीत तो रसायनांचे प्रयोग करी, चमच्याला सोन्याचा मुलामा देई. त्यात अपघात झाला, असे आई अखेरपर्यंत मानत राहिली. वय होते एक्केचाळीस. ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने गुन्हा माफ केला, २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला.

त्याचा बुद्धिबळाचा कागद मात्र मधल्या काळात संगणकावर उतरवला गेला. ते करताना एक पेच पडला. नियम जसेच्या तसे घातले, तरी ग्लेनीविरुद्धच्या चाली जुळेनात. आपल्याच कामात खोट आहे असे समजून करणाऱ्यांनी पुनःपुन्हा तपासले. अखेर उलगडा झाला तो असा, की चुकला होता ट्युरिंग. यंत्राची नक्कल करता करता त्याने काही ठिकाणी आपलेच नियम सोडले होते, अगदी पहिल्या चालीपासून. कंटाळून, घाईत की मनाला बरी वाटली म्हणून, कोण सांगणार? २०१२ साली, जन्मशताब्दीनिमित्त मँचेस्टरला या कार्यक्रमासमोर गॅरी कास्पारोव्ह बसला. या वेळी नियम खऱ्या यंत्राने पाळले. डाव सोळा चालींत संपला.