विश्लेषण : ‘अ‍ॅनिमल फार्म’ पुन्हा पडद्यावर; कोण होते जॉर्ज ऑर्वेल? मराठीशी त्यांचा काय संबंध?

भिवंडी : ‘अ‍ॅनिमल फार्म’वरील नवा अ‍ॅनिमेशनपट जून 2025 मध्ये फ्रान्समधील अ‍ॅनेसी महोत्सवात प्रथम दाखवण्यात आला. दिग्दर्शक आहेत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील गोलम, म्हणजेच अँडी सर्किस. चाहत्यांना उत्सुकता आहे ती शेवटाची. मूळ कथेचा शेवट तसाच राहतो का?

जन्म बिहारचा

भिवंडीच्या यंत्रमागांवर राबणारे अनेक कामगार बिहारचे. त्याच बिहारमधील मोतिहारीत 25 जून 1903 रोजी ऑर्वेल जन्मले. खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात होते. 1922 ते 1927 या काळात ऑर्वेल यांनी ब्रह्मदेशात पोलिसाची नोकरी केली. साम्राज्याचा वीट आला आणि त्यांनी राजीनामा दिला.

1936 मध्ये ते विगन या कोळसा खाणींच्या आणि कापड गिरण्यांच्या गावी गेले. तेथे कामगारांसोबत कोंदट भाड्याच्या खोल्यांत राहून त्यांनी पुस्तक लिहिले. पाळीपाळीने एकच खोली वापरणाऱ्या भिवंडीकर कामगारांना ते चित्र अनोळखी वाटणार नाही.

क्रांतीवरचा विश्वास का डळमळला?

1937 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. मात्र सोबत लढणाऱ्या डाव्यांनाच स्टॅलिनवाद्यांनी गद्दार ठरवून तुरुंगात टाकले. हा अनुभव पुढे ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये उतरला.

मराठी कनेक्शन काय?

ऑगस्ट 1941 ते नोव्हेंबर 1943 दरम्यान ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात भारतासाठी कार्यक्रम करत. त्यांच्या सहकारी होत्या वेणू चितळे. युद्धाची वार्तापत्रे ऑर्वेल इंग्रजीत लिहीत आणि त्यांची मराठीसह इतर भारतीय भाषांत भाषांतरे प्रसारित होत. प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या हाताखालून जाई. ‘1984’मधील सरकारी सत्य खात्यामागे याच नोकरीचा अनुभव असल्याचे मानले जाते.

पहिल्या चित्रपटात काय घडले?

ब्रिटनचा मित्र असलेल्या स्टॅलिनवर टीका नको, म्हणून अनेक प्रकाशकांनी ‘अ‍ॅनिमल फार्म’ नाकारली. अखेर ती ऑगस्ट 1945 मध्ये प्रसिद्ध झाली. ‘1984’ जून 1949 मध्ये आली आणि 21 जानेवारी 1950 रोजी क्षयाने ऑर्वेल यांचे निधन झाले. वय अवघे 46.

‘अ‍ॅनिमल फार्म’वरील 1954 च्या ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपटामागे अमेरिकेच्या ‘सीआयए’चा छुपा पैसा होता. त्यात शेवट बदलून प्राण्यांना डुकरांविरुद्ध पुन्हा उठाव करताना दाखवले. पुस्तकात असे काही घडत नाही. तिथे शेवटी डुक्कर कोणते आणि माणूस कोणता, हेच प्राण्यांना ओळखू येत नाही.

उत्सुकतेचे खरे कारण हेच. पुस्तकातला बॉक्सर नावाचा घोडा, आपण आणखी राबलो की सगळे ठीक होईल, असे मानत राहतो. थकल्यावर मालक झालेली डुकरे त्याला खाटकाला विकतात. शेवट गोड केला, तर बॉक्सरचा हिशेब कोण मागणार?