विश्लेषण : ‘बर्नर’वाले बुन्सेन आणि दोन शिलारसांचे मिश्रण

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेले आहे. लाव्हा जमिनीवर पसरून लवकर थिजला, म्हणून या दगडाचे दाणे बारीक. स्वयंपाकघरातील ओट्याचा फिकट ग्रॅनाइट मात्र जमिनीखाली खोलवर, अतिशय सावकाश थिजलेला असतो. त्याचे दाणे डोळ्यांना सहज दिसतात. त्यात कधी कधी एखादा गडद, गोलसर डाग आढळतो. असे डाग कशाचे, हे समजून घेताना रॉबर्ट बुन्सेन यांचे नाव येते. होय, शाळेच्या प्रयोगशाळेतील बर्नरला ज्यांचे नाव आहे तेच!

बुन्सेन कोण होते?

जर्मनीतील गॉटिंगेन येथे १८११ मध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. तरीही प्रयोग थांबले नाहीत.

ते आइसलँडला का गेले?

१८४५ मध्ये तेथील हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला. पुढच्याच वर्षी बुन्सेन तेथे पोहोचले. त्यांनी उष्ण पाण्याच्या कारंज्यांचे तापमान मोजले, वायू गोळा केले आणि खडकांचे नमुने आणून त्यांचे रासायनिक पृथक्करण केले.

त्यांना काय आढळले?

काही खडकांत सिलिका सुमारे ७७ टक्के, तर काहींत सुमारे ४८ टक्के. उरलेले बरेचसे खडक या दोन टोकांच्या मधले. म्हणजे जमिनीखाली दोन वेगळे शिलारस असावेत आणि ते कमी-अधिक प्रमाणात मिसळून मधले खडक बनत असावेत, असा निष्कर्ष त्यांनी १८५१ मध्ये मांडला.

मग तो मागे का पडला?

बुन्सेन यांनी एकाच कल्पनेवर फार भार टाकला. शिवाय रासायनिक आकडे एकटे पुरेसे नव्हते. एकच शिलारस थंड होताना त्यातील स्फटिक वेगळे होत गेले, तरी उरलेल्या द्रवाची घडण बदलते. नॉर्मन बोवेन यांनी १९२८ च्या ग्रंथात हीच प्रक्रिया प्रभावीपणे मांडली आणि मिश्रणाची कल्पना अनेक दशके अडगळीत गेली.

बुन्सेन स्वतः १८५२ पासून हायडेलबर्गला होते. तेथे बर्नर आला. किरखॉफ यांच्यासोबत वर्णपटाच्या साह्याने सीझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्ये सापडली. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुरावा कुठे होता?

खडकाच्या पोतात. बेसाल्टी शिलारस ग्रॅनाइटी शिलारसापेक्षा कित्येक अंशांनी अधिक तापलेला असतो. तो आत घुसला, की त्याचे गोळे कडेने चटकन थिजतात. म्हणून डागाची कड नागमोडी आणि अधिक बारीक दाण्यांची असते. कड टोकदार, तुटल्यासारखी असेल तर तो बहुधा जुन्या खडकाचा अडकलेला तुकडा. मिश्रणाच्या आणखीही खुणा असतात : क्वार्ट्‌झच्या दाण्याभोवती गडद खनिजांचे कडे, अर्धवट विरघळून चाळणीसारखे झालेले फेल्डस्पारचे स्फटिक, किंवा एका फेल्डस्पारवर दुसऱ्याचे आवरण. एका खुणेवरून निकाल देता येत नाही. अनेक खुणा एकत्र दिसल्या, की खात्री पटते.

आज याचे महत्त्व काय?

१९७० च्या दशकात ही कल्पना पुन्हा पुढे आली. तप्त बेसाल्टी रस सिलिकायुक्त रसाच्या साठ्यात शिरला, तर तो साठा तापतो, वायू सुटतात, दाब वाढतो आणि स्फोटक उद्रेक होऊ शकतो, असे १९७७ मध्ये संशोधकांनी दाखवले. त्यांच्यापुढे उदाहरण होते आइसलँडच्याच आस्क्या ज्वालामुखीचे. तो उद्रेक १८७५ चा. तेव्हा बुन्सेन हयात होते. मात्र त्यातून आपल्या जुन्या कल्पनेला बळ मिळणार आहे, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.